बांधलेले गिऱ्हाईक, टिकलेले गिऱ्हाईक

आपल्याकडच्या बँकांच्या शाखांत गांधीजींच्या नावाची एक पाटी हमखास दिसते. ग्राहक हा आपल्या दारी येणारा सर्वांत मोठा पाहुणा, तो आपल्यावर अवलंबून नाही, आपणच त्याच्यावर अवलंबून आहोत, अशा अर्थाची. नोकरीची सगळी वर्षे मी अशा कुठल्या ना कुठल्या पाटीखाली बसून काढली. विचार उत्तमच आहे, पण तो गांधीजींच्या लेखनात सापडत नाही. याच अर्थाची वाक्ये १९४१ साली अमेरिकेतल्या स्टुडबेकर या मोटार कंपनीच्या एका विक्री अधिकाऱ्याच्या नावावर छापून आलेली आढळतात. म्हणजे ग्राहकाला देव मानणारी पाटी आपण भिंतीवर टांगली. ती कोणाची, हे विचारले नाही आणि तिच्याखाली रांगेत उभ्या असलेल्या माणसालाही काही विचारले नाही.

पाटीच्या शेजारी एक तक्रार पुस्तक असायचे. ‘असायचे’ म्हणजे असायला हवे होते. मी पाहिलेल्या एका शाखेत ते शाखाधिकाऱ्याच्या कपाटात, कुलपात सुरक्षित होते. मागणाऱ्याला आधी ‘कशाला हवे?’ हे सांगावे लागे. वर्षाच्या शेवटी तपासनीस येत, पुस्तक उघडत, पाने कोरी पाहून समाधानाने सही करत. कोरे पुस्तक म्हणजे सुखी ग्राहक, असा सगळ्यांनी मिळून करून घेतलेला समज. त्या शाखेसमोर दुसऱ्या बँकेने दार उघडले, तेव्हा बाजारपेठेतली निम्मी चालू खाती काही महिन्यांत रस्ता ओलांडून गेली. जाताना एकानेही पुस्तकात एक ओळ लिहिली नव्हती.

बँकांना हे कोणी सांगितले नव्हते असे नाही. ग्राहकसेवेचा विचार करण्यासाठी १९७५ साली तलवार समिती नेमली गेली, १९९० साली गोईपोरिया समिती आली, १९९५ साली बँकिंग लोकपाल आले आणि २०२१ साली ती व्यवस्था एकत्रित लोकपाल योजनेत मिळाली. एवढ्या समित्या नेमाव्या लागल्या, यातच बरेच काही आले. पण आज मला बँकांविषयी लिहायचे नाही. आज प्रश्न लहान धंद्याचा आहे. पापड करणारा बचत गट, शिवणकाम करणारी बाई, किराणा दुकान, सायकल दुरुस्तीवाला. त्यांनी मिळवलेले गिऱ्हाईक टिकवायचे कसे? हल्ली याचे उत्तर एका दमात दिले जाते : अभिप्राय गोळा करा आणि ई-मेल पाठवा, व्हॉट्सअ‍ॅप करा. उत्तर चुकीचे नाही, पण ते मध्येच कुठून तरी सुरू होते. त्याच्या आधीचे काही आणि नंतरचे काही सांगायचे राहून जाते.

तक्रार करणारा अजून आपलाच असतो

अल्बर्ट हिर्शमन नावाचे एक अर्थशास्त्रज्ञ होते. जन्म बर्लिनचा, पुढे अमेरिकेत स्थिरावले. नायजेरियात त्यांना एक कोडे पडले. तिथली सरकारी रेल्वे मालवाहतुकीत मागे पडत होती, ट्रकवाले तिच्या नाकासमोरून माल पळवत होते, तरी ती सुधारत नव्हती. स्पर्धा आली की माणूस सुधारतो, असे पुस्तक सांगते. इथे उलटे का घडावे? १९७० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात याचे उत्तर आहे. माल बिघडला, सेवा घसरली, की गिऱ्हाइकापुढे दोन वाटा असतात. एक, निघून जायचे. दोन, तोंड उघडून सांगायचे. ज्यांना सेवेची सर्वांत जास्त चाड होती, ज्यांनी आरडाओरडा करून रेल्वेला जागे केले असते, तेच सर्वांत आधी ट्रककडे गेले. मागे राहिले ते न बोलणारे. रेल्वेला वाटत राहिले, सगळे ठीक आहे.

आपल्या घरातलेच उदाहरण घ्या. वाण्याच्या तुरीच्या डाळीत दोनदा खडे निघाले. पहिल्यांदा आपण सांगतो, ‘अहो शेठ, डाळ नीट पाहून देत जा.’ तो म्हणतो, ‘सगळे हीच नेतात, कोणाची तक्रार नाही.’ दुसऱ्यांदा आपण काही सांगत नाही. पुढच्या महिन्याची यादी दुसऱ्या दुकानात जाते. वाटेत जुना शेठ भेटलाच, तर आपण हसून ‘हल्ली मुलगाच सामान आणतो’ असे काहीतरी पुटपुटतो. मराठी माणसाला तोंडावर वाईट बोलायचे जिवावर येते. त्यापेक्षा दुकान बदलणे सोपे. म्हणून डाळीतल्या खड्यांविषयी जो सांगायला येतो, तो अजून आपलाच असतो. त्याला अजून याच दुकानातून डाळ घ्यायची आहे.

याला पैशाची बाजूही आहे. फ्रेडरिक राइकहेल्ड आणि अर्ल सॅसर या दोघांनी १९९० साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये हिशेब मांडला. सोडून जाणाऱ्या ग्राहकांचे प्रमाण पाच टक्क्यांनी कमी केले, तर धंद्यानुसार नफा २५ ते ८५ टक्के वाढतो, असा. ते आकडे अमेरिकेतल्या मोठ्या सेवाकंपन्यांचे. पापडवालीने ते जसेच्या तसे घेऊ नयेत. तिच्यासाठी साधी बेरीज पुरे. एक घर महिन्याला दोनशे रुपयांचे पीठ आणि पापड नेते असे धरा. वर्षाचे २४०० झाले, पाच वर्षे टिकले तर १२,००० झाले. तेच नवे घर मिळवायला प्रदर्शनात गाळा लावा, टेम्पोचे भाडे द्या, चार बायकांची पाच दिवसांची मजुरी बुडवा. टिकलेल्या घराला यातले काहीच लागत नाही. त्याला फक्त आठवण लागते, आणि तीही दोन्ही बाजूंनी.

बूट, नांगर आणि ‘खबर’

पत्र पाठवून माल विकणे आणि आलेल्या तक्रारीवर धंदा उभा करणे, ही संगणकाची देणगी नव्हे. १९१२ साली अमेरिकेच्या मेन राज्यात लिऑन बीन या गृहस्थाने शिकाऱ्यांसाठी एक बूट तयार केला. तळ रबरी, वर चामडे. बाहेरगावाहून शिकारीचा परवाना काढणाऱ्यांची यादी त्याने मिळवली आणि प्रत्येकाला टपालाने जाहिरात धाडली. शंभर जोड खपले. त्यातले नव्वद परत आले, कारण रबर आणि चामड्याची शिवण उसवत होती. बीनने सगळ्यांचे पैसे परत केले, कर्ज काढले, बूट सुधारला आणि पुन्हा विकायला काढला. त्याची कंपनी आजही चालू आहे. त्या धंद्याचा पाया त्या नव्वद परत आलेल्या जोडांत आहे, असे मी मानतो. न परतता ते माळ्यावर पडून राहिले असते, तर बीनला शिवण कुठे उसवते ते कळलेच नसते.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडाने जमिनीत विष उतरते, अशी समजूत होती. पहिले नांगर खपायला दोनेक वर्षे लागली. नांगर उत्तम होता, पण शेतकऱ्याच्या मनातली शंका ऐकल्याशिवाय आणि ती त्याच्या शेतात जाऊन फेडल्याशिवाय तो विकला जाणार नव्हता. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, कारखाना वाढला, माल दूरवर जाऊ लागला. मग १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्र सुरू केले. कारखान्याची, मालाची, कामगारांची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत आणि विक्रेत्यांपर्यंत पोचवणे हा त्याचा मूळ हेतू. आजच्या भाषेत बोलायचे, तर ग्राहकांना नियमित पाठवायचे वार्तापत्र.

ते पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, त्याच्या मागोमाग १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले, आणि कारखान्याचे पत्रक मराठी घराघरांत वाचले जाऊ लागले. हे कसे घडले? माझ्या मते एकाच गोष्टीने. ‘आमचा नांगर घ्या’ एवढेच दर महिन्याला लिहिले असते, तर ते पत्र चुलीत गेले असते. वाचणाऱ्याच्या उपयोगाचे काहीतरी त्यात असायचे, म्हणून ते जपून ठेवले गेले. ई-मेल पाठवू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने शंभर वर्षांपूर्वीचा हा धडा आधी वाचावा.

वावरचा रस्ता

इथवर गोष्ट कारखान्यांची आणि शहरांची झाली. पण गिऱ्हाईक ‘टिकवणे’ या शब्दाला एक दुसरी, काळी बाजू आहे. ती पाहायची तर पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात जावे लागते. हे तालुके २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. जव्हार तालुक्यातच वावर हे गाव आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांची ही वस्ती. उतारावर नागली आणि वरई, खाचरात भात, जंगलात मोह. पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात प्यायला पाणी नसते. भात झोडून झाले की घरेच्या घरे वीटभट्ट्यांवर नाहीतर शहराच्या बांधकामांवर निघून जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात.

या पट्ट्यात पूर्वी सावकार आणि व्यापारी बहुधा एकच असे. आषाढात घरातले धान्य संपायचे. मग त्याच्याकडून नागली उचलायची, ती ‘खावटी’. मणाला दीड मण, कधी दुप्पट, असे पीक आल्यावर फेडायचे. उभे पीक शेतात असतानाच पैसे घेऊन ते लिहून द्यायचे, ते ‘पालेमोड’. मग पीक त्याच्याच खळ्यात, त्याच्याच मापाने, त्याच्याच भावाने. मीठ, कापड, रॉकेल तेही त्याच्याच दुकानातून. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबायचे, ती ‘लग्नगडी’ची पद्धत. डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी १९४५ पासून शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीने वेठीविरुद्ध आणि या लग्नगडीविरुद्ध जो लढा दिला, तो इतिहास मराठी वाचकाला माहीत आहे. १९७६ साली वेठबिगारी मोडणारा केंद्राचा कायदा आला, त्याच वर्षी पालेमोडीला आळा घालण्यासाठी राज्याने आदिवासींच्या आर्थिक स्थितीविषयीचा कायदा केला, आणि पुढे आदिवासी विकास महामंडळाने खावटी कर्जाची योजना आणली.

आता जरा धंद्याच्या चष्म्यातून या सावकाराकडे पाहा. त्याचे एकही गिऱ्हाईक सुटून जात नव्हते. बाप गेला की मुलगा त्याच खात्यावर. गिऱ्हाईक टिकवण्याच्या कुठल्याही स्पर्धेत पहिला नंबर त्याचाच आला असता. आणि त्याच्याविरुद्ध तक्रारही कोणी करत नव्हते. हिर्शमनच्या दोन्ही वाटा बंद होत्या. जाता येत नव्हते आणि बोलून उपयोग नव्हता. गिऱ्हाईक टिकले नव्हते, ते बांधलेले होते. हा फरक हिशेबाच्या वहीत दिसत नाही. वहीत दोघांच्याही नावापुढे वर्षानुवर्षांच्या नोंदीच असतात.

ज्याचे कोणी ऐकत नाही अशा माणसाचे पुढे काय होते, तेही याच गावाने महाराष्ट्राला दाखवले. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणी ही नावे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली, ती कुपोषणाने दगावलेल्या मुलांमुळे. रेशन, आरोग्य केंद्र, रोजगार हमी, सगळ्या व्यवस्थांच्या कागदांवर ही माणसे ‘लाभार्थी’ म्हणून नोंदलेली होती. धान्य पोचले का, दवाखान्यात कोणी होते का, हे त्यांना विचारायची रीत नव्हती. मुंबईपासून एका दिवसात जाऊन येता येईल अशा अंतरावरचा आवाज मंत्रालयापर्यंत पोचला तो मृतांच्या आकड्यातून. अभिप्राय हा शब्द आपण हॉटेलातल्या छापील कार्डापुरता वापरतो. त्याचे वजन खरे किती, ते इथे कळते.

त्याच १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग पाचशे गटांपासून सुरू केला. आम्हा बँकवाल्यांना त्यातून काही शिकायला मिळाले. त्याआधीच्या योजनांतल्या कर्जात, बाईला काय हवे ते विचारायच्या आत अर्जावर म्हैस लिहिलेली असे. चारा-पाणी आहे का, दूध घेणारा कोणी आहे का, हे नंतर. गटाने हे उलटे केले. दर आठवड्याला बायका गोल बसतात, कोणाला किती लागते आणि कोण फेडू शकते हे त्याच ठरवतात, आणि बँक त्यांचे ऐकते. परतफेड सुधारण्यामागे हे ऐकणेच होते.

प्रदर्शनातली पाच मिनिटे

आज जव्हार-मोखाड्याच्या बायका नागलीचे पापड आणि बिस्किटे, मोहाचे लाडू, वरईचे तांदूळ, बांबूच्या टोपल्या, वारली चित्रे असा माल करतात. मुंबईत भरणाऱ्या ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनांत राज्यभरच्या गटांचा असा माल येतो आणि शहरातली कुटुंबे पिशव्या भरभरून नेतात. दृश्य सुखाचे असते. मी मात्र जुन्या सवयीने गाळ्यामागची वही पाहतो. वहीत काय असते? दिवसाची विक्री. कोणी नेले, ते नसते.

दादरची एखादी मावशी नागलीचे पापड नेते. घरी सगळ्यांना आवडतात. महिन्याभरात पाकीट संपते. पुन्हा हवे असतात, पण कुठून आणायचे? पाकिटावर गटाचे नाव आहे, गावाचे आहे, पण फोन नंबर पुसट झाला आहे, किंवा लागत नाही. मावशी नाइलाजाने दुकानातल्या मोठ्या कंपनीचे पापड आणते. इकडे गटाला वाटते, मुंबईचे लोक एकदा घेतात, पुन्हा विचारत नाहीत. दोन्ही बाजूंची इच्छा असून धागा तुटतो. हे गिऱ्हाईक रुसून गेलेले नाही. त्याला परतीचा रस्ताच कोणी दाखवला नाही.

इथे ती वही, तो फोन आणि ते ई-मेल कामाला येते. करायचे काय, ते साधे आहे.

वहीत चार रकाने आखावेत : नाव, फोन किंवा ई-मेलचा पत्ता, काय नेले, आणि ‘नवा माल आला की कळवू का?’ याचे हो किंवा नाही. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ‘नाही’ म्हणणाऱ्याला हसून पापड द्यावेत आणि त्याचा नंबर लिहूच नये.

मग महिन्याभराने विचारावे. पण ‘कसे वाटले?’ असे विचारू नये. आपल्याकडे या प्रश्नाला ‘छान!’ हे एकच उत्तर आहे. पाहुण्यांना जेवण कसे झाले विचारल्यावर जे मिळते, ते. मताऐवजी घडलेली गोष्ट विचारावी. पाकीट संपले का? घरात कोणी खाल्ले, कोणी बाजूला सारले? तळताना काही अडचण आली का? या तीन प्रश्नांची उत्तरे माणूस खरी देतो, कारण त्यात कोणाचे मन दुखावत नाही. ‘मुलांनी खाल्ले, पण आजींना चावले नाहीत’ हे एक वाक्य शंभर ‘छान’पेक्षा मोलाचे. यातून कळते की पापड जाड झालेत.

आणि मग खरे पत्र. माझ्या मते कुठल्याही लहान धंद्याने पाठवावे असे सर्वांत परिणामकारक पत्र दोन ओळींचे असते : ‘ताई, मागच्या वेळी पापड जाड लागले असे तुम्ही कळवले होते. या वेळी पातळ लाटले आहेत. नव्या नागलीचे आहेत, हवे असल्यास सांगा.’ यात सवलत नाही, बक्षीस नाही, लाल अक्षरात ‘त्वरा करा’ नाही. आपण बोललो आणि डोंगरातल्या कोणीतरी लाटणे बदलले, एवढेच आहे. हे पत्र मिळालेली ताई दुसरीकडे सहज जाणार नाही.

बाकीचे नियम घरातल्या व्यवहाराचेच आहेत. रोज उठून पत्र पाठवू नये. नागली-वरई दिवाळीच्या सुमारास येते, मोह उन्हाळ्यात. माल येईल तेव्हाच लिहावे, म्हणजे पत्राला कारण असते. पत्रात एखादी उपयोगाची गोष्ट असावी. वरईचा भात मोकळा कसा करावा, नागलीच्या पिठाला कीड लागू नये म्हणून काय करावे. सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतील असे पत्र धाडू नये, तो इतरांचा विश्वासघात आहे. आणि शेवटी एक ओळ न विसरता लिहावी : ‘पत्रे नको असतील तर तसे कळवा, नाव काढून टाकू.’ कळवल्यावर खरेच काढावे. गटातल्या कोणाची शिकलेली लेक असेल, तर आठवड्याचा एक तास या कामाला पुरतो. पाड्यावर रेंज मिळत नसेल, तर बाजाराच्या दिवशी तालुक्याला आल्यावर ती पाठवू शकते. फक्त उत्तराला दोन-चार दिवस लागतील, हे आधीच सांगून ठेवावे. उशीर माणूस समजून घेतो. वाट पाहायला लावून न सांगितलेले त्याला खटकते.

जे परत आले नाहीत, त्यांनाही एकदा, एकदाच, विचारावे. खुश माणसे धंदा चालवतात; न परतलेली माणसे तो कुठे उसवतो ते सांगतात.

आणि वावरमधल्याच किराणा दुकानाचे काय? तिथे ई-मेल उपयोगाचे नाही. तिथली बाई दहा रुपयांचे तेल नेते, भट्टीवरून परतल्यावर जुनी बाकी देते. तिच्याकडून ऐकायचे ते समोर बसून, तिच्या बोलीत. बाकी किती राहिली ते तिला वाचून दाखवणे, तिच्या शाळकरी पोराकडून वहीतला आकडा पडताळून घेऊ देणे, माप तिच्या डोळ्यांदेखत करणे. उधारीच्या वहीचा इतिहास ज्या भागात इतका कडू आहे, तिथे उघडी वही हाच मोठा निरोप आहे.

जाण्याची वाट

ई-मेलचा जाहिरातीसाठी पहिला मोठा वापर १९७८ च्या मे महिन्यात झाला. डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकन संगणक कंपनीच्या गॅरी थुर्क या विक्रेत्याने सुमारे चारशे जणांना न विचारता एकच पत्र धाडले. माल खपला असे तो पुढे सांगत असे, पण पत्र मिळालेले अनेक जण भडकले होते. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि काही वर्षांत तोच ताप इथेही आला. नको असलेल्या फोन आणि संदेशांना आळा घालणारे नियम दूरसंचार नियामकाला २०१० साली करावे लागले. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यातले एक तत्त्व मला फार आवडले : संमती देणे जितके सोपे, ती मागे घेणेही तितकेच सोपे असले पाहिजे.

त्याच वर्षी ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने संगणकावरच्या फसव्या क्लृप्त्यांची यादी जाहीर केली. तिच्यात ‘वर्गणीचा सापळा’ आहे. म्हणजे सभासद व्हायला एक बटण आणि सोडायला भुलभुलैया. ही यादी वाचताना मला पालेमोड आठवली. कागद गुळगुळीत झाला, अंगठ्याच्या जागी बटण आले, पण हेतू तोच. गिऱ्हाइकाने जाऊ नये म्हणून त्याला आवडेल असे काही करायचे नाही, फक्त दार लावून घ्यायचे. मोठ्या पगाराची हुशार माणसे अशी दारे बनवतात आणि त्यालाच गिऱ्हाईक टिकवणे म्हणतात.

जव्हार-मोखाड्याच्या पापडवालीकडे असे दार बनवायची ताकद नाही, आणि ते तिचे भाग्यच म्हणायचे. तिच्याकडे आहे ती एक वही, एक फोन आणि चांगली नागली. तिचे गिऱ्हाईक कधीही जाऊ शकते. म्हणून ते परत आले, तर ते खरेच आलेले असते. ज्या डोंगरात पिढ्यान् पिढ्या माणसे दुसऱ्याच्या वहीत बांधलेली होती, तिथल्या बायका आज स्वतःच्या वहीत दुसऱ्यांची नावे लिहीत आहेत. आणि चौथ्या रकान्यात ‘हो’ की ‘नाही’ ते समोरच्यालाच विचारत आहेत, असे झाले तर त्याचे मोल विक्रीच्या आकड्यात मावणार नाही.

आपण शहरातल्या घेणाऱ्यांनीही एवढे करावे. पुढच्या प्रदर्शनात पापड घेताना नंबर द्यावा आणि महिन्याने कोणी विचारले, तर ‘छान’ म्हणून फोन ठेवू नये. जाड होते तर जाड होते म्हणून सांगावे.